काळी वाळू आणि एडिसन

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. मराठी घरात भरपूर बोलले, पण लिहायची वेळ फक्त परीक्षेच्या पेपरात आली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मोठ्या मनाने माफ करा. लेख मात्र मनापासून लिहिला आहे. ज्या माणसाबद्दल तो आहे, त्याने मागच्या सेमिस्टरला मला एका मोठ्या फजितीतून बाहेर काढलं. आता हा माणूस १९३१ सालीच वारला, ही गोष्ट वेगळी!

झालं असं. माझी रूममेट रत्नागिरीची. तिकडे मांडवीच्या समुद्राला लोक काळा समुद्रच म्हणतात, कारण तिथली वाळू काळी. गणपतीला ती गावी गेली आणि येताना लाडू-करंज्यांच्या डब्याबरोबर पाण्याच्या बाटलीत ती वाळू भरून घेऊन आली. मी जुन्या स्पीकरमधला मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि वाळूवरून फिरवला. काळे कण टपाटप उडून चिकटले, मॅग्नेटला अक्षरशः दाढी फुटली. मिनी प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला: मॅग्नेटिक सेपरेटर.

चौघींनी मिळून पत्र्याचा हॉपर केला, मॅग्नेट बसवले, चार्ट रंगवले. आणि प्रदर्शनाच्या दिवशी, परीक्षकांच्या समोर, वाळू हॉपरमधून खाली पडेचना. पावसाळी हवा, वाळू दमट, तिचे गोळे झालेले. आम्ही हॉपरला टपल्या मारतोय, परीक्षक घड्याळ बघतायत, आणि शेजारच्या टेबलावरचा ग्रुप हसू दाबतोय. त्या संध्याकाळी मेसमध्ये जेवायलाही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. वाटलं, आता बोलणी बसणार. सरांनी एवढंच सांगितलं की हाच प्रयोग एडिसननेही केला होता, आणि त्याची फजिती तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. लायब्ररीत जा आणि वाच. मी गेले. जे वाचलं ते आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो. आणि घामाबद्दलचं ते वाक्य आठवतं, जे प्रत्येक कोचिंग क्लासच्या भिंतीवर असतं. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठच आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळा त्याला फारशी लाभली नाही, आईनेच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या रेल्वेत पेपर आणि खाऊ विकू लागला. लहानपणापासून ऐकायला कमी यायचं. मग तो टेलिग्राफ शिकला आणि वयाच्या विशीत, म्हणजे आपल्याच वयात, गावोगावी तारमास्तर म्हणून हिंडत होता. पहिलं पेटंट १८६९ चं, मतं मोजायच्या यंत्राचं. ते कोणी विकत घेतलं नाही. १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला त्याने प्रयोगशाळा काढली, १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्बनच्या तारेचा दिवा टिकवून दाखवला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आता प्रश्न असा की दिव्याच्या माणसाचा वाळूशी काय संबंध?

संबंध प्लॅटिनममुळे आला. कार्बनवर येण्याआधी एडिसनचा भर प्लॅटिनमच्या तारेवर होता, कारण प्लॅटिनम फार उंच तापमानाला वितळतं. पण ते महागही भयंकर. प्रत्येक घरात दिवा लावायचा तर एवढं प्लॅटिनम आणायचं कुठून? म्हणून त्याने ठिकठिकाणी पत्रं पाठवून चौकशी केली आणि कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींकडे माणूस धाडला. तिथे सोनं धुऊन घेतल्यावर काळी, जड वाळू उरायची आणि लोक ती फेकून द्यायचे. तिच्यात प्लॅटिनमचे कण असतील अशी आशा होती. ते त्याला पाहिजे तेवढं मिळालं नाही, आणि दिवा तर कार्बनवर चालला. पण काळ्या वाळूने त्याच्या डोक्यात घर केलं ते केलंच. ती काळी दिसते कारण तिच्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, आणि मॅग्नेटाइट लोहचुंबकाला धावत येतं.

एडिसनने यावर जे यंत्र काढलं ते इतकं सोपं आहे की बघून हसू येतं. उंचावरच्या हॉपरमधून वाळूचा पातळ पडदा सरळ खाली पडू द्यायचा. वाटेत एका बाजूला इलेक्ट्रोमॅग्नेट ठेवायचा. साधे कण सरळ खाली जातात. लोखंडाचे कण मॅग्नेटकडे ओढले जातात, पण वेगात असल्यामुळे त्याला चिकटत नाहीत, फक्त त्यांची वाट थोडी वाकडी होते. खाली मध्ये एक फळी उभी करायची. फळीच्या अलीकडे रेती, पलीकडे लोहखनिज. यंत्रात फिरणारा भाग एकही नाही! याचं पेटंट त्याला १८८० मध्ये मिळालं. त्याआधीच, १८७९ च्या अखेरीस, एडिसन ओअर मिलिंग कंपनी स्थापन झाली होती.

यंत्र झालं, आता खनिज पाहिजे. अमेरिकेच्या पूर्वेकडे पोलादाचे कारखाने होते, पण जवळच्या जुन्या खाणींमधलं चांगलं खनिज संपत चाललं होतं. अशात एडिसनला कळलं की न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, क्वोग या गावच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. तो एका सहकाऱ्याला घेऊन गेला. बघतो तर मैलच्या मैल किनारा काळा, कुठे एक इंच जाडीचा थर, कुठे सहा इंच. त्याने मनातल्या मनात हिशोब केला: लाखो टन. खोदायला नको, सुरुंग नको, फोडायला नको. फावड्याने भरायचं आणि यंत्रातून सोडायचं. खाणीत जे काम माणसं करतात ते इथे समुद्राने फुकटात करून ठेवलेलं!

समुद्र हे काम कसं करतो ते बघा, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. डोंगरातला खडक झिजतो, नद्या त्याचा चुरा समुद्रात आणतात. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा जोरात येते, सगळे कण घेऊन येते. परतताना तिचा जोर कमी असतो. साध्या वाळूतल्या क्वार्ट्झची घनता २.६५, मॅग्नेटाइटची ५.२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हलके कण परत वाहून जातात, जड मागे राहतात. आजी सुपात धान्य पाखडते तसंच. वर्षानुवर्षं हे चाललं की काळा पट्टा तयार होतो. कोकणातही हेच झालंय. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट बारीक विखुरलेलं असतं, ते सुटून खाली येतं आणि लाटा त्याचे थर लावतात. रत्नागिरीच्या आसपासच्या काळबादेवी, मिऱ्या, पूर्णगड या भागातलं इल्मेनाइट भूगर्भशास्त्रज्ञांनी मुद्दाम अभ्यासलेलं आहे.

आता क्वोगला परत जाऊ. एडिसनने किनाऱ्यावर छोटा प्लांट उभा केला. यंत्र चालू झालं न झालं तोच प्रचंड वादळ आलं. वादळ ओसरल्यावर बघतात तर काळी वाळू गायब! सगळी समुद्रात. ती कधीतरी परत येईल म्हणून एडिसन वाट बघत राहिला असं नाही, पण पुढे म्हातारपणीही तो ही गोष्ट सांगायचा आणि ती वाळू परत आली नाही, हेही सांगायचा.

मी हे वाचून रूममेटला सांगितलं, तर ती कोकणकन्या शांतपणे म्हणाली की यात काय नवल, आमच्याकडे दर पावसाळ्यात किनारा खाली उतरतो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा भरून येतो. तिला जे लहानपणापासून माहीत होतं ते एडिसनने लाखो टनांचा हिशोब करताना विचारातच घेतलं नव्हतं. जे लाटेने आणून ठेवलं ते लाट घेऊनही जाऊ शकते. म्हणून किनाऱ्यावरचं खनिज शोधताना आज वरचा रंग बघून कोणी थांबत नाही. ठरावीक अंतरावर भोकं पाडून खाली किती खोल थर आहे ते बघतात, पुळणीच्या मागच्या जुन्या वाळूच्या टेकाडांतले नमुने घेतात, कारण जिथे आजची लाट पोचत नाही तिथलं खनिज टिकून असतं. एडिसनचा थर सहा इंच होता, आणि त्याखाली फक्त साधी वाळू!

पण तो हटणारा नव्हता. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात क्वोनोकॉन्टॉग इथे दुसरा किनारा मिळाला. तिथे वादळ आडवं आलं नाही, प्लांट नीट चालला, शुद्ध खनिज निघालं आणि विकलंही गेलं. मग तक्रार आली भट्टीवाल्यांची. ब्लास्ट फर्नेसमध्ये खालून हवेचा जोरदार झोत सोडतात. वरून टाकलेला माल ढेकळांचा असेल तर त्यांच्या फटींमधून वायू वर चढतो. बारीक पूड टाकली तर ती एकतर फटी बुजवते, नाहीतर झोताबरोबर वरून उडून जाते. एडिसनचं खनिज शुद्ध होतं, पण होती पूड. मागणी थांबली, प्लांट बंद झाला. पहिल्यांदा निसर्गाने फसवलं, दुसऱ्यांदा गिऱ्हाईकाने.

यानंतर काही वर्षं तो विजेच्या कामात बुडाला. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. १८८४ मध्ये पत्नी मेरी वारली. १८८६ मध्ये मिना मिलरशी दुसरं लग्न झालं आणि १८८७ मध्ये वेस्ट ऑरेंजला नवी, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी प्रयोगशाळा झाली. दुसरा कोणी असता तर वाळू विसरला असता. एडिसनने उलट विचार केला: समुद्र वाळू तयार करून पळवून नेतो ना, मग मी डोंगरच दळतो!

यासाठी आधी डोंगर शोधला पाहिजे. त्याने खूप संवेदनशील चुंबकसूची तयार केली. जमिनीखाली मॅग्नेटाइट असेल तर ही सुई खाली झुकते. ती घेऊन त्याच्या माणसांनी कॅनडापासून दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनापर्यंतचा पट्टा पायी पालथा घातला. क्वोगला जे केलं नव्हतं ते आता शिस्तीत केलं. न्यू जर्सीत ऑग्डेनच्या जुन्या खाणीजवळ सुई जोरात झुकली. त्याच्या अंदाजाने तिथल्या ३००० एकरांतच २० कोटी टनांहून जास्त खनिज होतं. पण हलक्या प्रतीचं, लोखंडाचं प्रमाण साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळा दगड. म्हणजे १ टन लोखंडासाठी ५ टन खडक फोडायचा आणि तरी स्वस्तात विकायचं.

१८९० चं दशक एडिसनने या डोंगरावर घालवलं. त्याला जगप्रसिद्ध होऊन दहा वर्षं झाली होती, घरी बायको-मुलं होती, आणि हा माणूस आठवडाभर धुळीत राहायचा, रविवारपुरता घरी जायचा. तिथे वसलेल्या वस्तीचं नावच एडिसन पडलं होतं.

मेकॅनिकलवाल्यांनो, आता लक्ष द्या. पाच-सहा टनांचे खडक फोडायला त्याने सहा फूट व्यासाचे दोन अवजड रोल बसवले. एवढ्या खडकाला चिरडायला किती हॉर्सपॉवरचं इंजिन लागेल याचा हिशोब केला तर डोळे पांढरे होतील. एडिसनची आयडिया अशी की काम इंजिनाने करायचंच नाही. इंजिनाने फक्त रोलना वेग द्यायचा. खडक पडला की त्या क्षणी घर्षणाचा जोड घसरतो, इंजिनावर धक्का येत नाही, आणि फिरत्या रोलमध्ये साठलेली गतिज ऊर्जा खडकाचा चुरा करते. मग इंजिन पुन्हा वेग द्यायला मोकळं. फ्लायव्हीलच्या चॅप्टरमध्ये आपण गणितं सोडवतो ना, तीच गोष्ट, फक्त सहा टनांच्या खडकावर.

पुढे माल पट्ट्यांवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जायचा, हात न लावता. अजून बारीक रोल, मग चाळण्या, मग ४८० मॅग्नेट. आणि मध्ये एक उंच मनोरा, ज्याच्या आत तिरप्या पाट्यांवरून माल घरंगळत खाली यायचा आणि गरम हवेने वाळायचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले. एडिसनलाही ओल्या मालाने छळलं होतं! फरक एवढाच की त्याने हॉपरला टपल्या मारल्या नाहीत, ड्रायर बांधला. शेवटी भट्टीवाल्यांची जुनी तक्रार राहू नये म्हणून पूड चिकट द्रव्यात मळून, दाबून, भाजून तिच्या विटा केल्या. क्वोग आणि क्वोनोकॉन्टॉगमधली प्रत्येक चूक ऑग्डेनमध्ये दुरुस्त केलेली होती.

आणि तरी ऑग्डेन बुडालं.

कारण १८९० मध्ये तिकडे मिनेसोटा राज्यात, मेरिट बंधूंच्या प्रयत्नांतून, मेसाबीच्या डोंगररांगेत लोहखनिज सापडलं. इतकं मऊ आणि इतकं वरवर की वाफेच्या फावड्याने सरळ डब्यात भरता यायचं. फोडायचं नाही, दळायचं नाही, मॅग्नेट नको. रेल्वेने लेक सुपीरियरच्या किनाऱ्यावर, तिथून जहाजाने कारखान्यांकडे. बाजारात भाव कोसळला. एडिसनच्या विटा चांगल्या होत्या, गिऱ्हाईक खूश होतं, पण मेसाबीच्या भावात त्या विकणं त्याला शक्यच नव्हतं. १९०० च्या सुमारास त्याने काम बंद केलं. सुमारे २० लाख डॉलर गेले, तेही त्या काळचे. यात त्याचा स्वतःचाच पैसा सगळ्यात जास्त होता. त्यासाठी त्याने जनरल इलेक्ट्रिकमधले आपले शेअर विकले होते. ते ठेवले असते तर पुढे कितीतरी पटीने वाढले असते.

मला इथे एक गोष्ट खटकते आणि ती लिहिली नाही तर लेख खोटा होईल. आपण एडिसनची जिद्द जिद्द म्हणतो. पण मेसाबीची बातमी काही १९०० मध्ये आली नव्हती. तिथला माल १८९२ पासून बाहेर पडत होता. पुढची सात-आठ वर्षं तो यंत्र सुधारत राहिला, जणू यंत्र आणखी चांगलं झालं की भाव आपोआप सुधारेल. डोंगरावर धुळीत राबणारे कामगार होते, त्यांच्या रोजगाराचा खेळ झाला तो वेगळाच. जिद्द आणि हट्ट यांच्यात फरक असतो, आणि तो फरक एडिसनलाही वेळेवर कळला नाही. जे तो नीट मोजायचा ते डोळ्यात तेल घालून मोजायचा: मॅग्नेटची ताकद, कणांचा आकार, रोलचा वेग. पण किनाऱ्यावर समुद्राला आणि डोंगरावर बाजाराला त्याने हिशोबात धरलं नाही.

मग या माणसाकडून शिकायचं काय? माझ्या मते त्याने पुढच्या महिन्यांत काय केलं ते.

तो रडत बसला नाही. स्वतःकडे काय उरलंय याची यादी त्याने केली असावी असं वाटतं, कारण एकेक गोष्ट पुढे वापरलेली दिसते. खडक फोडायचे रोल, पट्टे, बारीक दळायचं ज्ञान हे सगळं त्याने सिमेंटकडे वळवलं. १८९९ मध्येच एडिसन पोर्टलँड सिमेंट कंपनी निघाली होती. त्या काळी सिमेंटच्या फिरत्या भट्ट्या साठ-ऐंशी फुटांच्या असायच्या, त्याने दीडशे फुटांची केली आणि बाकीच्या उद्योगानेही हळूहळू लांब भट्ट्या घेतल्या. १९२३ चं न्यूयॉर्कचं पहिलं यांकी स्टेडियम त्याच्याच सिमेंटने बांधलं होतं. सिमेंटमध्येही त्याला पैशाच्या अडचणी आल्या, सगळं गोड गोड झालं असं नाही. पण कारखाना उभा राहिला.

चुंबकसूचीही त्याने टाकून दिली नाही. बॅटरीसाठी निकेल हवं होतं, म्हणून १९०१ मध्ये ती घेऊन तो कॅनडातल्या सडबरीजवळ फाल्कनब्रिजला गेला. सुईने निकेलच्या खनिजाची जागा दाखवली. खाली विहीर खणायला घेतली तर लागली पाणथळ, सरकती वाळू! पुन्हा वाळू! त्याने १९०३ मध्ये नाद सोडला. यावेळी दहा वर्षं नाही लावली, हे लक्षात घ्या. पुढे १९२८ मध्ये तिथे फाल्कनब्रिज कंपनी निघाली आणि तिने तेच निकेल काढून मोठा उद्योग उभा केला. एडिसनची जागा बरोबर होती. बॅटरीही त्याने दहा वर्षांच्या मेहनतीने नीट केली, निकेल-लोखंडाची, आणि ती चांगली चालली. १८ ऑक्टोबर १९३१ ला, ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंजला त्याचं निधन झालं.

त्याच्या मरणानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. मेसाबीचं मऊ, श्रीमंत खनिज दोन महायुद्धांत उपसून उपसून संपत आलं. उरला टॅकोनाइट नावाचा कडक, हलक्या प्रतीचा खडक. मग १९५० च्या दशकात मिनेसोटातच, लेक सुपीरियरच्या किनाऱ्यावर सिल्व्हर बे इथे प्लांट उभा राहिला. पद्धत कोणती? खडक फोडा, पूड करा, मॅग्नेटने लोखंड वेगळं करा, आणि भट्टीसाठी त्याचे गोळे भाजा. ज्या मेसाबीने ऑग्डेनला मारलं, तिथेच ऑग्डेनची पद्धत परत आली. अर्थात खडकाचा उरलेला चुरा १९८० पर्यंत सरोवरात ओतला जात होता आणि त्यावरून मोठी कोर्टकचेरी झाली, म्हणजे किनाऱ्याला हिशोबात न धरण्याची चूकही परत झालीच.

आपल्याकडे कर्नाटकात कुद्रेमुखला २००५ च्या अखेरीपर्यंत हेच चालायचं. डोंगरातलं हलकं मॅग्नेटाइट दळून, शुद्ध करून, पाण्यात कालवून पाइपने मंगळूरच्या किनाऱ्यावर आणायचे आणि तिथे गोळे करायचे. आणि काळ्या किनाऱ्याचं स्वप्नही खोटं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काळ्या लोहवाळूतून पोलाद बनू लागलं. पण तिथे वाळूचे थर जाड आहेत, आणि ती वाळू नेहमीच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये न घालता आधी वेगळ्या फिरत्या भट्टीत नेतात. म्हणजे क्वोगचा आणि क्वोनोकॉन्टॉगचा, दोन्ही प्रश्न आधी सोडवले, मग कारखाना काढला.

अजून एक गंमत. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडलं. त्यातलं थोरियम जायचं गॅसबत्तीच्या मॅन्टलमध्ये, आणि गॅसबत्ती ही एडिसनच्या दिव्याची स्पर्धक! एडिसन दिव्यासाठी जड वाळूत प्लॅटिनम शोधत होता, आणि त्याच्या विरोधकांना आपल्या देशातल्या किनाऱ्यावरची वाळू कामाला आली.

आता आमच्या प्रोजेक्टचं सांगते आणि थांबते. मेसच्या मावशींकडून एक जुनी कढई मागून आणली. वाळू आधी मंद आचेवर भाजून कोरडी केली. रव्यासारखी भाजताय का गं, म्हणून मावशी हसल्या. हॉपरमधून वाळू छान पडली आणि मॅग्नेटाइट वेगळं झालं. तरी बरेच काळे कण फळीच्या अलीकडेच राहिले. सरांनी विचारलं का, तर यावेळी उत्तर तयार होतं: ते इल्मेनाइट असावं, ते चुंबकाला फार हळू ओढलं जातं, त्याला आमच्या स्पीकरच्या मॅग्नेटपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचं क्षेत्र लागतं. मार्क फार वाढले नाहीत, आधीच सबमिट झाले होते. पण रिपोर्टच्या शेवटी आम्ही एक पान जोडलं, सिलॅबसमध्ये नसलेलं. त्यात तीन प्रश्न लिहिले: ही वाळू किती खोल आहे? पावसाळ्यात ती कुठे जाते? आणि जिथून ती घ्यायची त्या किनाऱ्यावर होड्या कोणाच्या लागतात? पहिल्या दोन प्रश्नांची थोडीफार उत्तरं रूममेटने दिली. तिसऱ्यासाठी तिच्या आजोबांना भेटायला मे महिन्यात आम्ही चौघी रत्नागिरीला जाणार आहोत.

तोपर्यंत ज्यांचा प्रोजेक्ट फसलाय, केटी लागलीये किंवा प्लेसमेंटमध्ये नाव आलेलं नाही, त्यांनी आमच्या रूमवर यावं. बाटलीतली उरलेली काळी वाळू टेबलावर ठेवली आहे. मॅग्नेट शेजारीच आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी